एक कीबोर्ड, दोन खेळाडू: यात ‘सहकार्य’ नेमकं कुठं असतं?



पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य वारंवार दिसतं: “दोघांनी मिळून खेळायच्या संगणकीय खेळांमुळे विद्यार्थ्यांमध्ये सहकार्याची भावना वाढीस लागते.” वाक्य ऐकायला गोड आहे. त्याला कुणी विरोध करत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. आरआरसीसमोर एखाद्या तज्ज्ञानं शांतपणे विचारलं, “सहकार्य म्हणजे काय, आणि तुम्ही ते पाहणार कुठं?” तर पुढं काय बोलायचं याची तयारी सहसा नसते.

म्हणून आज एका खेळाची आणि या वाक्याची, दोन्हींची चिकित्सा करू. खेळ आहे ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) २०१० नंतर शाळा-कॉलेज केलेल्यांपैकी पुष्कळांनी हा खेळ सायबर कॅफेत, एमएस-सीआयटीच्या सेंटरवर सर बाहेर गेल्यावर, नाहीतर भावाच्या जुन्या पीसीवर खेळलेला असेल. एक कीबोर्ड, दोन खुर्च्या, आणि मागं उभी असलेली तीन-चार पोरं.

माझं म्हणणं आधीच सांगते. हा खेळ सहकार्य शिकवतो की नाही, हे त्याच्याकडं नुसतं बघून सांगता येत नाही. पण तो एक गोष्ट नक्की देतो: दुसऱ्या खेळाडूला त्याचा हक्काचा वाटा. ही गोष्ट ‘सहकार्या’पेक्षा लहान वाटते, पण ती मोजता येते, आणि आपल्याकडच्या परिस्थितीत ती जास्त महत्त्वाची आहे.

खेळ काय मागतो?

‘द फॉरेस्ट टेंपल’ हा या मालिकेतला पहिला भाग २००९ सालचा, ऑस्लो अल्बेट यांनी बनवलेला. मांडणी अगदी सरळ आहे. आगीचा मुलगा ॲरोच्या बटणांनी चालतो, पाण्याची मुलगी डब्ल्यू, ए आणि डी या बटणांनी. आगीचा मुलगा पाण्यात पडला की मेला, पाण्याची मुलगी लाव्ह्यात पडली की मेली, आणि हिरवा चिखल दोघांनाही मारतो. लाल हिरे त्याचे, निळे हिरे तिचे. एकानं खटका ओढला किंवा जमिनीवरच्या कळीवर पाय ठेवला की दुसऱ्याची वाट उघडते. दोघं आपापल्या दारात पोचले तरच पातळी पार. एक मेला की डाव दोघांचा संपतो.

हा शेवटचा नियम नीट बघा. मॉर्टन डॉइश यांनी १९४९ मध्ये सहकार्य आणि स्पर्धा यांची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: तुझं ध्येय गाठलं गेलं तरच माझं गाठलं जाईल, अशी बांधणी असेल तर ते सहकार्याचं नातं. तू हरलास तरच मी जिंकेन, अशी बांधणी असेल तर स्पर्धा. या व्याख्येनं फायरबॉय-वॉटरगर्ल शंभर टक्के सहकार्याचा खेळ ठरतो. आणि ‘रूफटॉप स्नायपर्स’ हा स्पर्धेचा ठरतो, ज्यात दोघं एकमेकांना गच्चीवरून खाली पाडतात.

पण ध्येयाची बांधणी ही खेळाच्या नियमात असते. खुर्चीवर बसलेली दोन माणसं प्रत्यक्ष काय करतात, ती वेगळी गोष्ट आहे. इव्हान स्टायनर यांनी १९७२ मध्ये गटाच्या कामांचं वर्गीकरण केलं. त्यातल्या एका प्रकारात गटाचा निकाल सगळ्यात कच्च्या सभासदावर ठरतो. तीन पायांची शर्यत आठवा: जोडीतला एक कितीही पळणारा असला तरी वेग दुसऱ्याचाच. फायरबॉयही तसाच आहे. आता अशा कामात पक्का खेळाडू काय करतो? काही जण थांबतात, समजावून सांगतात. पण बरेच जण ओरडतात: “डावीकडं जा! थांब! आता उडी! अरे आता म्हणलो ना!” आणि त्यानंही भागलं नाही तर हात लांब करून दुसऱ्याची बटणं स्वतःच दाबतात.

इथं खेळाच्या रचनेतली फट दिसते. बऱ्याच पातळ्यांत दोघांनी एकाच क्षणी काही करायची गरजच नसते. एक कळीवर उभा राहतो, दुसरा पुढं जातो. मग दुसरा खटका ओढतो, पहिला येतो. म्हणूनच एकटा माणूस दोन्ही हातांनी हा खेळ पार करू शकतो, आणि लोक करतातही. याचा अर्थ असा की हालचाली दोघांच्या असल्या तरी कोडं एकाच डोक्यात सुटू शकतं. एक जण विचार करतो, दुसरा त्याची बोटं बनतो. पातळी पार झाली, वेळही चांगली आली, हिरे सगळे मिळाले. तुमच्या निरीक्षण तक्त्यात ‘यशस्वी सहकार्य’ अशी टिकमार्क पडली. पण घडलं काय? एकानं हुकूम दिला, दुसऱ्यानं तो पाळला.

खेळावरची माझी पहिली टीका हीच. त्याची बक्षिसं (वेळ आणि हिरे) कामाच्या वाटणीला मिळतात, विचाराच्या वाटणीला नाहीत. आणि संशोधकावरची टीका अशी की तो तेच गुण उचलतो आणि त्यांना सहकार्याचं माप म्हणतो.

मग चांगलं काय आहे?

चांगलं हे आहे की दुसऱ्या मुलाला तीन बटणं मिळतात.

हसू नका. एका संगणकापुढं तीन-चार मुलं बसली की काय होतं ते आठवा. माऊस एकाच्या हातात. बाकीचे बघे. ज्याच्या हातात माऊस, तोच बहुतेक वेळा सर्वांत आगाऊ किंवा घरी पीसी असलेला. ‘गटात शिकणं’ म्हणून नोंद झालेल्या तासात दोन मुलांनी संगणकाला हातही लावलेला नसतो.

दोघांच्या खेळात हे बदलतं, आणि कुणाच्या चांगुलपणामुळं नाही, तर रचनेमुळं. कीबोर्डचा डावा भाग एकाचा, उजवा दुसऱ्याचा. ते हिसकावून घ्यायचं तर उघडपणे हात पुढं करावा लागतो, आणि मग “ए, माझी बटणं आहेत ती!” असं म्हणायचा अधिकार दुसऱ्याला मिळतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. एका कीबोर्डवर दोन खेळाडू राहतात, कारण म्यानाची वाटणी आधीच झालेली असते.

आपल्या जिल्ह्याला हा मुद्दा लवकर कळावा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून ‘सहकार’ हा शब्द आपल्याकडं भाषणात कमी पडत नाही. पण सहकारी संस्थेत माणूस सभासद कशानं होतो? शेअर घेतल्यानं. शेअर म्हणजेच वाटा. मग एक सभासद, एक मत. संस्था पुढं कशी चालते हा वेगळा विषय, पण क्रम हा आहे: आधी वाटा, मग सहकार. संगणकापुढंही तोच क्रम लावा. ज्याच्या हातात काहीच नाही तो सहकार्य कशाच्या जोरावर करणार?

म्हणून माझा आग्रह असा की आधी ‘वाटा’ तपासा. आणि तो तपासायला गेलात की पहिला अडथळा माणसात नाही, यंत्रात सापडतो.

कीबोर्डच्या पोटात काय चालतं?

मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळं हा भाग जरा रंगवून सांगते. संशोधन पद्धतीच्या पेपरला ‘उपकरणाची त्रुटी’ असा मुद्दा असतो, त्याचं इतकं चांगलं घरगुती उदाहरण दुसरं नाही.

कीबोर्डवर शंभराच्या आसपास बटणं असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची तर शंभर तारा लागतील. म्हणून बटणं आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशा जाळीत जोडतात. समजा ८ ओळी आणि १६ स्तंभ घेतले, तर २४ तारांत १२८ जागा मिळतात. आतली चिप एकेक ओळ तपासत जाते आणि कोणत्या स्तंभावर जोड झाला ते वाचते. हे सेकंदाला अनेकदा घडतं.

एक बटण दाबलं, अडचण नाही. दोन दाबली, अडचण नाही. तीन दाबली आणि ती तीन बटणं जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर असली, तर प्रवाहाला वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापर्यंत जायची वाट मिळते. चिपला वाटतं, चौथंही बटण दाबलंय. न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं, म्हणून याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. हे भूत टाळायला स्वस्त कीबोर्डची चिप एक सोपा उपाय करते: शंका आली की नवीन बटणाची नोंदच करत नाही. महागड्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला डायोड लावून ही वळशाची वाट बंद केलेली असते. शाळेत आणि सेंटरवर असणाऱ्या साध्या कीबोर्डमध्ये सहसा तसं नसतं. तिथं खात्री फक्त दोन बटणांची. तिसरं लागेल की नाही हे कोणती तीन आहेत त्यावर अवलंबून.

(यूएसबीच्या साध्या पद्धतीत एका वेळी ६ बटणांची नोंद जाऊ शकते, शिफ्ट-कंट्रोल वगैरे वेगळी. म्हणजे दोघांच्या खेळात अडचण सहसा यूएसबीची नसते, जाळीची असते.)

आता हे खेळाला लावा. नुसतं चालताना प्रत्येकाचं एक बटण दाबलेलं असतं, एकूण दोन. सगळं ठीक. पण एकानं चालता चालता उडी मारली की त्याची दोन आणि दुसऱ्याचं एक, अशी तीन होतात. दोघांनी एकाच वेळी पुढं उडी मारली की चार. डावं आणि उजवं एकदम दाबण्यात अर्थ नसतो, ते वगळलं तर सहा बटणांतून तिघांची १२ आणि चौघांची ४ अशी १६ जुळणी उरतात. यातली कोणती तुमच्या कीबोर्डवर चालतात आणि कोणती नाहीत, हे कीबोर्ड बदलला की बदलतं. शेजारच्या दोन टेबलांवर वेगळ्या कंपनीचे कीबोर्ड असतील तर दोन जोड्या प्रत्यक्षात दोन वेगळे खेळ खेळत असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नोंद गाळली जाते ती बहुतेक वेळा नंतर दाबलेल्या बटणाची. म्हणजे जो एक क्षण मागं आहे त्याचीच उडी वाया जाते. तो पडतो, दोघांचा डाव संपतो, आणि पहिला म्हणतो, “दाबलंच नाहीस तू!” दुसरा शपथेवर सांगतो, “दाबलं होतं रे!” दोघंही खरं बोलत असतात.

संशोधक म्हणून इथं थांबा. ही चूक कधीही, कुठंही होणारी नाही. दोघं आळीपाळीनं खेळत असतील तेव्हा ती जवळजवळ होत नाही. दोघं एकाच वेळी सक्रिय झाले की होते. म्हणजे सहकार्याच्या नावाखाली जो क्षण तुम्हाला मोजायचाय, बरोबर त्याच क्षणी तुमचं उपकरण खोटं बोलतं, आणि ते कच्च्या खेळाडूच्या विरोधात बोलतं. यादृच्छिक त्रुटी नमुना वाढवला की सरासरीत बरीचशी विरते. ही विरणारी नाही; ५०० मुलं घेतली तरी तिचा कल तसाच राहील. एखाद्या प्रबंधात ‘स्पर्धेपेक्षा सहकार्याच्या खेळात मुलं जास्त भांडली’ असा निष्कर्ष आला, तर पहिला प्रश्न मानसशास्त्राचा नको, कीबोर्डचा हवा.

‘रूफटॉप स्नायपर्स’मध्ये प्रत्येकाला दोनच बटणं आहेत: एकाला डब्ल्यू आणि ई, दुसऱ्याला आय आणि ओ. एकूण चार बटणं, म्हणून तपासायच्या जुळण्याही कमी. बनवणाऱ्याच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवू, पण प्रयोगासाठी खेळ निवडताना एवढ्या साध्या गोष्टीनं फरक पडतो. दोन खेळांची तुलना करून ‘स्पर्धा विरुद्ध सहकार्य’ असं लिहिलंत, तर तुम्ही नकळत ‘चार बटणं विरुद्ध सहा बटणं’ अशीही तुलना केलेली असते.

कोण कुठल्या बाजूला बसतं?

ही कटकट नवी नाही. १९६२ मध्ये एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा दोघांचा खेळ तयार झाला. सुरुवातीला दोन्ही खेळाडू यंत्राच्या पॅनेलवरचेच खटके वापरायचे. पण पडदा त्या खटक्यांच्या एका बाजूला होता, त्यामुळं एका खेळाडूला जास्त नीट दिसायचं. शेवटी ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी दोघांसाठी वेगळे कंट्रोल बॉक्स तयार केले. म्हणजे एका यंत्रावर दोघं बसले की जागेचा न्याय हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीही होताच.

आपल्या टेबलावर तो असा दिसतो. ॲरोची बटणं उजवीकडं, माऊसही उजवीकडं. म्हणजे फायरबॉय खेळणाऱ्याच्या हाताशी माऊसही आला. पातळी निवडणं, पुन्हा सुरू करणं, खेळ बदलणं, खिडकी बंद करणं हे सगळं त्याच्याकडं. वाटणी तीन बटणं विरुद्ध तीन बटणं अशी वाटते, प्रत्यक्षात ती ‘तीन बटणं’ विरुद्ध ‘तीन बटणं आणि माऊस’ अशी असते. लॅपटॉपवर उलटं: कित्येक लॅपटॉपवर वर-खालची ॲरो बटणं अर्ध्या उंचीची असतात, उडी मारायला तीच अवघड. आणि खेळात मुलगा-मुलगी अशी पात्रं असल्यामुळं कोणतं पात्र कुणी घ्यायचं हेही बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. भाऊ-बहीण खेळत असतील तर माऊसची बाजू कुणाकडं गेली, ते वेगळं सांगायला नको.

उपाय साधा आहे: दर दोन पातळ्यांनंतर जागा बदला आणि कोण कुठं बसलं ते लिहून ठेवा. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला ‘प्रतिसंतुलन’ म्हणतात. शब्द भारी आहे, काम दोन मिनिटांचं आहे.

भारतात यावर झालेलं काम

‘एक संगणक, अनेक मुलं’ यावर भारतात झालेला एक अभ्यास प्रत्येकानं वाचावा असा आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या गटातले उदय सिंग पवार, जोयोजीत पाल, राहुल गुप्ता आणि केंतारो तोयामा यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका संगणकाला एकाच वेळी अनेक माऊस जोडता येतील अशी व्यवस्था त्यांनी वापरली आणि ग्रामीण भागातल्या गरीब घरांतल्या २३८ मुलांवर इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याचा प्रयोग केला. एकाला एक माऊस, अनेकांना एक माऊस, आणि पाच जणांना पाच माऊस अशी तुलना होती. पाच माऊसच्या प्रकारातही दोन रचना: एक स्पर्धेची, एक सहकार्याची.

एकंदरीत, पाच जण आपापल्या माऊससह एका संगणकावर बसले तरी शब्द शिकण्यात ते एकट्यानं बसणाऱ्यांच्या बरोबरीनं राहिले. मुलांच्या बाबतीत (म्हणजे मुलग्यांच्या) रचनेनुसार शिकण्यात लक्षणीय फरक पडला. मुली सगळ्या रचनांमध्ये साधारण सारख्याच शिकल्या. आणि रचनेतल्या थोड्याशा बदलानंही वागणं आणि निकाल खूप बदलतात, असं लेखक स्वतः नोंदवतात.

या अभ्यासाची ताकद मला यात दिसते की तो ‘मिळून वापरणं चांगलं’ असं ढोबळ बोलत नाही. तो विचारतो: मिळून म्हणजे कसं? माऊस किती? नियम कोणता? आणि मर्यादा अशी की त्यानं मोजलं ते शब्द लक्षात राहणं. सहकार्याची वृत्ती वाढली का, हे त्याचं माप नव्हतं. हा अभ्यास उद्धृत करून ‘मिळून खेळल्यानं सहकार्य वाढतं’ असं लिहिणं म्हणजे साखरेची पावती दाखवून गुळाचे पैसे मागणं.

याच्या आधीचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी भिंतीत बसवलेला संगणक. मुलं गटानं, कुणी न शिकवता शिकतात, हा त्यातून निघालेला दावा जगभर गाजला. तो वाचलात तर सोबत पायल अरोरा यांचा २०१० चा लेखही वाचा. उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग इथं बसवलेल्या अशाच केंद्रांचं पुढं काय झालं याचा शोध त्यांनी घेतला, तेव्हा ती बंद पडलेली आढळली. दावा आणि त्याचा पाठपुरावा एकत्र वाचायची सवय पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

६० मुलं की ३० जोड्या?

आता आकडेवारीतली एक चूक, जी दोघांच्या प्रयोगांत हमखास होते. ३० जोड्या घेतल्या, प्रत्येक मुलाची चाचणी घेतली, ६० गुण आले, आणि टी-टेस्ट लावली. पण एका जोडीतली दोन मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एकत्र खेळली, एकत्र मेली, एकत्र जिंकली. त्यांचे गुण एकमेकांना चिकटलेले असतात.

किती चिकटलेले, ते अंतर्वर्गीय सहसंबंधानं समजतं. तो ०.५ आहे असं धरू. गटाचा आकार २ असेल तर ‘डिझाइन इफेक्ट’ येतो १ + (२ − १) × ०.५ = १.५. म्हणजे तुमची ६० मुलं माहितीच्या दृष्टीनं ४० स्वतंत्र मुलांएवढीच. सहसंबंध १ असेल तर फक्त ३०. (हे गणित तेव्हाचं, जेव्हा अख्खी जोडी एकाच प्रयोगगटात असते.) ६० धरून काढलेला निकाल त्यामुळं आहे त्यापेक्षा जास्त खात्रीचा भासतो. जोडी हेच एकक धरा, किंवा जोडीसाठी बनवलेली प्रतिमानं शिका. व्हायवाला हा प्रश्न येतोच.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. हे जुने खेळ फ्लॅशवर होते. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये असे खेळ चालणंच बंद झालं. आज त्याच नावानं जे चालतं ते नव्यानं लिहिलेलं तरी असतं किंवा ‘रफल’सारख्या एम्युलेटरवर चालणारं तरी. म्हणून ‘फायरबॉय खेळायला दिला’ एवढं लिहून चालत नाही. कोणती आवृत्ती, कोणता ब्राउझर, कोणता कीबोर्ड, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. रसायनशास्त्राचा विद्यार्थी रसायनाची शुद्धता लिहितोच ना?

टंचाईला गुण म्हणताना

आता मुख्य मुद्द्याकडं. हा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा. अकोल्याच्या सह्याद्रीपासून जामखेडपर्यंत १४ तालुके. यातल्या कितीतरी मुलांनी संगणक वाटूनच वापरला, कारण दुसरा पर्याय नव्हता. एका खुर्चीवर दोघं बसणं ही अध्यापनाची पद्धत नव्हती, संगणक कमी होते. अशा ठिकाणी जाऊन आपण ‘सामायिक वापरामुळं सहकार्य वाढतं’ असा निष्कर्ष काढला, तर तो फक्त जर्नलात राहत नाही. उद्या कुणीतरी तो दाखवून म्हणतं, “मग दोन संगणक कशाला? एकावर दोघं बसू द्या, तेवढंच सहकार्य शिकतील.” आणि ज्या मुलीला डावी बाजू, न लागणारं बटण आणि वरून हुकूम मिळाला, तिच्या नावावर ‘सहकार्यात सुधारणा’ अशी नोंद होते.

याचा अर्थ हे खेळ वाईट आहेत असा मुळीच नाही. मर्यादित साधनांत दुसऱ्या मुलाच्या हातात काहीतरी देणारी, इतकी स्वस्त आणि चतुर रचना मला दुसरी माहीत नाही. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाचा आव न आणता या खेळांनी कीबोर्ड मधोमध वाटून दिला. त्यांचं श्रेय तेवढ्यासाठी द्यावं, आणि तेवढंच द्यावं.

सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा

१. ‘सहकार्य’ हा शब्द खोडा आणि दिसणारी कृती लिहा: सूचना कोणी किती दिल्या, प्रश्न कोणी विचारले, दुसऱ्याच्या बटणांना हात किती वेळा लागला, योजना कुणी सुचवली.

२. प्रयोगाआधी प्रत्येक कीबोर्डवर वरची १६ जुळणी तपासा. कीबोर्डची चाचणी घेणारी पानं ब्राउझरमध्येच मिळतात. एका माणसानं दोन हातांनी केलं तर दहा मिनिटांत होतं. जमलं तर प्रत्येक खेळाडूला वेगळा यूएसबी कीबोर्ड द्या. खेळाला फरक पडत नाही, पण जाळी वेगळी झाल्यानं एकाच्या बटणामुळं दुसऱ्याचं अडत नाही.

३. जागा आणि पात्रं आलटून पालटून द्या, आणि माऊस तिसऱ्याकडं ठेवा.

४. तुलनेला ‘एकटा खेळणारा’ पुरेसा नाही. एक माऊस असलेली जोडी हाही गट घ्या. नाहीतर फरक वाट्यामुळं पडला की नुसत्या सोबतीमुळं, हे कळणार नाही.

५. जोडीला एकक धरा.

यातलं दुसरं काम तर आजच करून बघा, मार्गदर्शक मिळायची वाट बघायची गरज नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये चार कीबोर्ड मिळाले तरी पुरे. कागदावर १६ ओळी आणि ४ रकाने आखा, लागलं तिथं बरोबरची खूण आणि नाही लागलं तिथं फुली. हा तक्ता फार मोठा नाही, पण तो तुम्ही स्वतः मोजलेला असेल, आणि सहकार्यावरच्या गोड वाक्यापेक्षा आरआरसीसमोर तो जास्त वेळ टिकेल.